वीस हजार नऊ

छापखान्याचा फोरमन सकाळपासून दाराशी ताटकळत होता. बाबांनी होकार दिला की लॉगॅरिदमच्या सारणीची छपाई सुरू होणार होती. गुणाकारांचे डोंगर नुसत्या बेरजेवर आणून ठेवणारं पुस्तक. जहाजांचे कप्तान आणि जमीन मोजणारे त्याच्या भरवशावर चालणार. बाबांनी त्यापायी अकरा वर्षं आणि दोन्ही डोळे घालवले. यात एकही चूक नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

त्यांची मुलगी छपाईआधीची मुद्रितं त्यांना वाचून दाखवत होती. आकडे नव्हे, शेजारच्या दोन आकड्यांमधला फरक. हस्तलिखिताशी ताडलं तर खिळे जुळवणाऱ्याची चूक सापडते. गणित करणाऱ्याची सापडते ती फरकात, तो एकाएकी उडी मारतो तिथे, हे बाबांनीच शिकवलेलं.

"दोनशे सतरा. दोनशे सतरा. दोनशे सतरा..."

पुढचा फरक निघाला दोनशे आठ. त्यापुढचा दोनशे सव्वीस. वीस हजार नऊसमोरच्या आकड्याच्या शेवटी चोपन्न हवे होते, पंचेचाळीस होते. तिने हस्तलिखित उघडलं. तिथेही पंचेचाळीस, बाबांच्याच अक्षरात.

गुपचूप दुरुस्त केलं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पंचाईत तिच्या बापाची होती.

"दोनशे सतरा," ती म्हणाली. "दोनशे सतरा."

"खोटं बोलतेयस. हस्तलिखिताचा कागद वाजला. कुठे अडलीस?"

तिने सांगून टाकलं. बाबांचा चेहरा उतरला. ओठ हलले, बोटं मांडीवर बेरीज करत राहिली. मग ते एकदम ताठ बसले.

"चोपन्नच! अगं, मी चुकलो, तर आजूबाजूच्या आकड्यांनी मला पकडून दिलं. मला वाटायचं, मी त्यांना रांगेत उभं करतोय. ते माझ्या आधीपासून उभेच आहेत गं. मी नसतो तरी असते."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. या पुस्तकाने बाप पळवला म्हणून तिने त्याचा जन्मभर राग राग केला होता. आज पहिल्यांदा त्या रांगांकडे बघताना तिला हात जोडावेसे वाटले.

"मग छापायला घेऊ ना?" फोरमनने विचारलं.

"आज नाही. एक निसटली, तर आणखीही असतील." बाबा तिच्याकडे वळले. "पहिल्या पानापासून वाच. आणि आता माझी भीड धरू नकोस."

फोरमनने कपाळावर हात मारला. तिने खुर्ची बाबांच्या जवळ ओढली आणि पहिलं पान काढलं.