सरूच्या नावाचा फोन

"सरू देवराम मुकणे कोण?"

गोदामाच्या दारात हवालदार उभा होता. सरूने हातातला खोका खाली ठेवला.

"मी हाय, साहेब."

"मोबाइल दाखव तुझा."

"माजेकडं मोबाइल न्हाय."

"नाही? मग पडघ्याच्या एका बाईला घाणेरडे फोन येतायत, तो नंबर तुझ्या नावावर कसा? आवाज पुरुषाचा आहे. नवरा करतो का?"

बायांचे पॅकिंग करणारे हात थांबले. हवालदाराने घडी केलेला कागद उघडून दाखवला. तिच्या रेशनकार्डाची झेरॉक्स आणि वर तिचा फोटो. सरूने तो नीट पाहिला. फोटोत तिच्या मागे हिरवा पडदा होता.

"साहेब, हा फोटू हितं हापिसात काढलाय. गेटपाससाठी. तो बगा पडदा."

हवालदाराने ऑफिसच्या काचेतून आत पाहिलं. पडदा तिथंच होता. तरी जाताना म्हणाला, "उद्या नवऱ्याला घेऊन पोलीस ठाण्यात ये."

भिवंडीजवळ वडप्याला गोदामं उभी राहिली तेव्हापासून सरू इथे कामाला होती. अकलोलीच्या मागच्या डोंगरातल्या पाड्यावरून ती जीपने यायची. आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे खोक्यांवरचे पत्ते वाचायचं काम तिच्याकडे असे.

संध्याकाळी हितेशशेठनी तिला ऑफिसात बोलावलं. गोदामाची जमीन त्यांच्याच घराण्याची. पूर्वी तिथे भात व्हायचा.

"हे बघ सरू, ऑफिसातल्या भावेशने साफसफाईत गेटपासची जुनी कागदं रद्दीत घातली. तिथून निजामपुऱ्यातल्या कुठल्या तरी मोबाइलवाल्याच्या हाती लागली, त्याने त्यांच्यावर सिमकार्डं विकली. झाली चूक. मी ठाण्यात बोलून तुझं मिटवतो. फक्त गोदामाचं नाव घेऊ नको, न् बाकीच्या बायांना काय सांगू नको."

"बाकीच्यांची कागदं पन गेली?"

शेठ पंख्याकडे बघत राहिले.

"म्हंजे गेली," सरू म्हणाली.

घरी देवरामचा चेहरा उतरला. पाड्यावरचा माणूस एकदा ठाण्यात गेला की कधी सुटेल याचा नेम नसतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं.

"शेठ मिटवतो म्हनतो तर मिटवू दे ना."

"माजं मिटंल. गोदामातल्या कमळमावशीचं कोन मिटवील? उद्या तिचे दारात पोलीस आलं म्हंजे?"

सकाळी ती खाडा करून भिवंडी कोर्टात गेली. निशाताई वकील पाड्यावर आदिवासींच्या संघटनेच्या बैठकीला येत, म्हणून ओळख होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पहिली गोष्ट, बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी तुझ्या घरी यायचं. दुसरी, कोऱ्या कागदावर सही करायची नाही, देवरामनेसुद्धा. आणि गुन्हा तू केलेला नाहीस, सरू. तुझी फसवणूक झालीय. तक्रार तुझी आहे."

सरूने ते शेवटचं वाक्य मनात घोळवलं. "मग जाते ठान्यात."

"अगं, जायची गरज नाही म्हटलं ना."

"बोलावलं म्हनून न्हाय जात. तक्रार द्यायला जाते, बायांना घेऊन."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने बायांना सगळं सांगितलं. काही जणी चिडल्या. शेठ काढून टाकतील, मग काय खायचं? कमळमावशी तेवढी म्हणाली, "माजे नावानं कोन बोलत आसंल गं? मला तं फोन उचलता पन येत न्हाय."

अखेर तिघी-चौघी निघाल्या. मोबाइल कंपनीच्या भिवंडीतल्या ऑफिसात त्यांनी आपापली रेशनकार्डं पुढे केली. कमळमावशीच्या नावावर तीन नंबर निघाले. बाया आधी खदखदून हसल्या. मग एकेकीने पुढे होऊन आपल्या नावावरचे नंबर मोजून घेतले. नंबर बंद करायचे अर्ज सरूनेच लिहिले.

ठाण्यात निशाताई सोबत होत्या. अंमलदार म्हणाला, "अर्ज ठेवून जा, बघतो."

"शिक्का मारून एक कापी परत द्या, साहेब," सरू म्हणाली.

त्याने निशाताईंकडे पाहिलं. निशाताई खिडकीबाहेर बघत होत्या. त्याने शिक्का मारला.

पुढे मोबाइलवाल्याला अटक झाली. फोन करणारा पडघ्याचाच निघाला, त्या बाईचा शेजारी. कागद आपल्याच ऑफिसातून बाहेर गेले, हे हितेशशेठना जबाबात लिहून द्यावं लागलं. देवरामच्या वाटेला कोणी गेलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सरूला आणि कमळमावशीला गेटवर अडवलं गेलं. काम कमी झालंय, म्हणाले. बाकीच्या बाया मान खाली घालून आत गेल्या. सरूला त्यांचा राग आला नाही, पण रोजची जीप निघून जायची तेव्हा ती वळणापर्यंत बघत राहायची. उन्हाळाभर तिने वीटभट्टीवर काम केलं.

पावसाच्या तोंडावर हायवेच्या पलीकडच्या नव्या गोदामात भरती निघाली. टेबलामागच्या माणसाने रेशनकार्डाची झेरॉक्स मागितली. सरूने पिशवीतून ती काढली, टेबलावरचा पेन उचलला आणि झेरॉक्सवर आडवं लिहिलं: फक्त गेटपाससाठी. खाली तारीख, सही.

"अगं, खराब केलीस ना झेरॉक्स!"

"खराब न्हाय. वाचता येतं सगळं."

त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि ठेवून घेतला.

तिच्या मागे कमळमावशी होती. तिने आपली झेरॉक्स पदराने पुसली आणि सरूपुढे धरली.

"माजेवर पन लिव. मोठं लिव."