एदिलचा स्वेटर

"ताई, आता तरी द्या तो स्वेटर," मी म्हटलं. माझ्या थोरल्या जावेनं, इलारियानं, तो आणखीच पोटाशी धरला आणि चढ चढू लागली.

युराकपुन्ताचं शिखर आमच्या गावाच्या उशाशीच आहे, पण आम्ही बायका कशाला मरायला तिथं जातोय? पुरुष जातात, परदेशी लोकांची ओझी पाठीवर घेऊन. तिचा मुलगा एदिलही जायचा. जूनमध्ये शिखराखालचा बर्फाचा कडा सुटला आणि त्याला घेऊन गेला. गावानं किती शोधलं, हाती काही लागलं नाही.

आमच्यात माणूस गेलं की पाचव्या दिवशी त्याचे कपडे वाहत्या पाण्यात धुतात. रक्ताच्या माणसानं नाही, लग्नानं नात्यात आलेल्यानं धुवायचे. म्हणजे मी, त्याची काकू. त्याशिवाय जीव मोकळा होत नाही. बाकीचे कपडे मी धुतले. हा स्वेटर मात्र तिनं दिला नाही. पोराला डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशी देऊ, एवढंच म्हणायची. चार महिने उलटले, आमच्याकडचा पावसाळा तोंडावर आला तरी तेच. शेवटी मीच वैतागून म्हटलं, चला, जागा तरी बघून येऊ.

वाट इतकी उभी की गुडघे हनुवटीला लागत होते. मी डोंगराला आणि माझ्या गुडघ्यांना शिव्या घालत होते, ती पुढं चढत होती. खिंडीतल्या दगडांच्या राशीवर आम्ही खालून आणलेला एकेक दगड ठेवला, वर डोंगराला म्हणून कोकाची पानं वाहिली. पुढं नुसता बर्फ. दोर नसलेल्याची वाट तिथंच संपते.

इलारिया बघत राहिली. मग तिनं हाक मारली, "एदिल, स्वेटर आणलाय रे."

उत्तर यायचं नव्हतंच. तरी मीही कान देऊन उभी राहिले, वेडी कुठली.

उतरताना ओढ्यापाशी तिनं आपणहून स्वेटर माझ्या हातात दिला.

"साबण लावू नकोस," म्हणाली.

गळपट्टीला अजून त्याच्या घामाचा वास होता. मी तो नुसताच पाण्यात बुचकळत राहिले. मला रडू आवरेना. जरा वेळानं तिनंच माझ्या गाठोड्यातून साबण काढून पुढं केला.

"लाव. माझ्यापायी अडकून नको राहायला पोर."

मी घासून घासून धुतला, खडकावर वाळत घातला. वारा बाही उडवायचा, ती पुन्हा सरळ करायची. अर्धवट वाळल्यावर तिनं तो नाकाशी नेला. मग नीट घडी घातली आणि माझ्याकडं दिला.