मामांचं उपरणं

मुखेडच्या बाजारपेठेत माझं कापडाचं दुकान. मी दारू पितो हे त्या पेठेतल्या कुत्र्यालाबी माहीत होतं. मीच आपला खिशात बडीशेप ठेवून शहाण्यासारखा हिंडायचो. कुणाला फसवत होतो कुणास ठाऊक.

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात घरी जंगमस्वामींना जेवायला बोलावलं होतं. माझी बायको उमा पहाटेपासून चुलीपुढं बसलेली. मी दुकानातूनच लावून आलो, स्वामींच्या पाया पडायला वाकलो, तो थेट त्यांच्या ताटात पालथा पडलो. उमानं आरडाओरड केली न्हाई. पंगत उठली, भांडी घासून झाली, मग तिनं पत्र्याची पेटी भरली नि रेणापूरला माहेरी निघून गेली. दोन महिने झाले तरी येईना.

शेवटी माझे सासरे चन्नबसप्पा यांचं कार्ड आलं. मी त्यांना मामा म्हणायचो. शनिवारी संध्याकाळी लातूरला धारवाडकडच्या एक बाई कानडी वचनं गाणार आहेत, तुम्ही या, दोघं मिळून ऐकू, मठात मुक्काम करू आणि सकाळी रेणापूरला जाऊ, असा मजकूर. खाली आणखी दोन ओळी होत्या. उमा म्हणते, अप्पा, तुम्ही एक दिवस त्यांच्यासोबत काढा आणि मला सांगा. तुम्ही म्हणलात तर मी जाते.

झालं. म्हणजे माझा सगळा संसार मामांच्या एका शब्दावर येऊन बसला. आणि मामा खोटं बोलत नसत. शेंगांचा व्यापार करायचे, तरीबी बोलत नसत.

कार्ड आल्या दिवसापासून मी बंद केली. खरंच बंद केली, एकवीस दिवस. हात इतका थरथरायचा की कापड सरळ फाटेना, गिऱ्हाइकं हसायची. पण म्हणलं, लातूरची एक संध्याकाळ काढायची हाय, न काढायला काय झालं.

शनिवारी दुपारी लातूरच्या एसटी स्टँडवर उतरलो तर मामा माझ्या आधीच येऊन झाडाखाली उभे. सत्तरीला आलेला माणूस, पांढरं धोतर, कपाळाला भस्म, खांद्यावर उमानं काठ शिवून दिलेलं उपरणं. मला बघून असे हसले की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जावईबापू, वाळलात की हो," म्हणाले.

मामांचा एक नेम होता. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, पाण्याची धार सोडायची, पूजा करायची, मगच अन्नाला हात. मुंजीच्या वयापासून म्हणा, साठ वर्षांत हा नेम मोडला नव्हता. म्हणून प्रवासात पाण्याचा तांब्या कायम पिशवीत. पण त्या दिवशी तांब्या रिकामा. गाडीत एका बाईचं लेकरू पाण्यासाठी रडून राहिलं होतं, तिला सगळं देऊन बसले होते.

"असू द्या, खानावळीत मिळंल की घोटभर," म्हणाले. "तुम्हाला लातूर माहीत हाय ना?"

"गल्ली न गल्ली, मामा," मी म्हणालो. माल घ्यायला महिन्यातून एकदा यायचो मी. पण खरं सांगायचं तर मला लातुरातले बार माहीत होते. खानावळी म्हणाल तर दोन, त्याबी बाहेरून.

जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती तरी लोक नवा जिल्हा, नवा जिल्हा करायचे. ऑफिसं नवी, पाट्या नव्या, साहेब नवे. पाणी तेवढं न्हाई. दोन वर्षं पाऊस नव्हता. गंजगोलाईच्या बाजारामागं आपल्या लिंगायत लोकांची जुनी खानावळ, तिच्या दाराला कुलूप आणि वर खडूनं लिहिलेलं, 'पाणी नाही म्हणून बंद'. दुसरीकडं गेलो तर मालक म्हणाला, चिवडा घ्या, भजी घ्या, ताट मिळणार न्हाई, ताट धुवायचं कशानं? मामा त्याला म्हणाले, बरोबर हाय तुमचं.

तिसरी खानावळ मात्र चालू होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाई. गोलाईपासून दोन गल्ल्या पुढं, ओसरीवर पंगत बसलेली, ज्वारीच्या भाकरीचा वास बाहेरपर्यंत, दारात पाण्याचा रांजण. एक म्हातारी वाढून राहिली होती. मामांचा चेहरा खुलला. पायातली चप्पल काढायला वाकलेसुद्धा.

आणि मी म्हणालो, "इथं नको मामा. मागल्या बाजूला यांचं मटण शिजतं."

का म्हणालो? सकाळपासून डोक्यात एकच घोळत होतं. वचनं तीन तास चालणार, मामा शेजारी बसणार, रात्री मठात मुक्काम. एक ग्लास, फक्त एक, नि मी सगळं नीट पार पाडीन. एकवीस दिवस काढलेल्या माणसाला एवढं नको का? असा माझा हिशोब. त्या म्हातारीला मी एका वाक्यात बाटवली. मामांनी पुन्हा चप्पल घातली.

मग मी त्यांना घेऊन गेलो माझ्या ठरलेल्या जागी. खाली परमिट रूम, वर जिन्यानं गेलं की फॅमिलीवाल्यांसाठी चार टेबलं. मागच्या बाजूनं वेगळं दार, तिथून पाटी दिसत न्हाई. त्यांची स्वतःची बोअर होती, त्यामुळं चालू होतं.

"शाकाहारीच ना?" मामांनी जिन्यात विचारलं.

"हाव मामा. आपल्याच लोकांचं हाय."

मामांना वर बसवून मी हात धुवायचं निमित्त काढून खाली गेलो. तिथला वेटर श्रीमंत, माझ्याच वयाचा, मला चांगला ओळखायचा. त्याला सांगितलं, वर दोन साधी ताटं, आणि माझ्यासाठी जिन, पण स्टीलच्या पेल्यात. जिन दिसायला पाण्यासारखी, पेला स्टीलचा, मामा टेबलाच्या पलीकडं आणि त्यांना त्या दिवशी सर्दी. मी स्वतःवरच खूश झालो होतो, अक्कल बघा माझी.

श्रीमंत वर आला, पेला माझ्यापुढं ठेवला, म्हणाला, "प्यायचं पाणी ताटाबरोबरच येईल, आधी देत न्हाई सध्या." नि गेला.

मी पेल्याला हात लावणार, तेवढ्यात मामांनी सदऱ्यातून गळ्यातली लिंगाची चांदीची डबी बाहेर काढली. खुर्चीवरच मांडी घातली. लिंग तळहातावर घेतलं, भस्माचं बोट ओढलं आणि डोळे मिटायच्या आधी माझ्याकडं बघून म्हणाले, "जावईबापू, तुमचा पेला उष्टा झाला न्हाई ना अजून?"

"न्हाई, मामा."

"मग द्या इकडं. घोटभर लागंल. त्या माणसाला परत जिना चढायला नको लावायला."

आणि उजवा हात पुढं केला.

माझं डोकंच चालेना. पेला द्यावा तर दारूची धार लिंगावर. नाही म्हणावं तर का नाही? पाणी मागून राहिला माणूस, दुष्काळात, पूजेला. खरं सांगावं एवढी एक वाट होती आणि ती मला सुचलीच न्हाई, असं म्हणलं तर तेबी खोटं. सुचली होती. मामांचा हात पेल्याला लागणार तोच मी कोपर मारलं आणि पेला आडवा पाडला.

"अरे अरे, पाणी गेलं," मामा कळवळले. त्या साली सांडलेलं पाणी कुणी वाया जाऊ देत नसे, माणसं उपरणं भिजवून तोंडावर, मानेवर फिरवायची, तेवढाच गारवा. मामांनी लिंगाचा डावा हात उंच धरला, उजव्या हातानं खांद्यावरचं उपरणं ओढलं, टेबलावर पसरलं. मी नको नको म्हणत होतो. त्यांनी सगळं टिपून घेतलं आणि ओलं उपरणं तोंडावर धरलं.

सर्दी होती तरी कळलंच. मग उपरणं खाली घेतलं.

"हे पाणी न्हाई."

"न्हाई, मामा."

"घेतली का?"

"न्हाई मामा. तुमची शप्पथ. थेंबभर न्हाई."

"घेणार होता."

वर श्रीमंत दोन ताटं घेऊन आला, आडवा पेला बघितला आणि मोठ्या मायेनं म्हणाला, "सांडली का साहेब? दुसरी आणतो की. नेहमीचीच ना?"

मामांनी लिंग डबीत ठेवलं, डबी सदऱ्यात घातली आणि उठले. पूजा न्हाई म्हणजे जेवण न्हाई. ताटातली भाकरी गरम होती, वाफ दिसत होती. मी त्यांच्या मागं जिना उतरलो. खाली ते पुढच्या दारानं बाहेर पडले आणि या वेळी त्यांनी पाटी वाचली. मला वाटलं आता बोलतील. एखादी कानाखाली ठेवून दिली असती तर मी गंगेत न्हायलो असतो. पण ते म्हणाले, "गाण्याची वेळ झाली. चला."

आता उपरण्याचं काय करावं? पिशवीत भस्म होतं, बेल होता, त्यात ते घालता येईना. लेकीनं काठ शिवलेलं, रस्त्यात टाकवेना. धुवावं तर पाणी न्हाई. त्यांनी ते तसंच खांद्यावर टाकलं. द्या मामा, मी घेतो, एवढं मी म्हणायला पाहिजे होतं. म्हणालो न्हाई. माझ्या अंगाला वास लागला असता ना, आणि सकाळी उमापुढं उभं राहायचं होतं.

शाळेच्या मैदानावर मांडव होता. आम्ही मधल्या रांगेत सतरंजीवर बसलो. बाईंचा आवाज लागलेला, लोक माना डोलवून राहिले होते. मामांना कानडी चांगलं यायचं, एरवी वचन ऐकताना त्यांचा हात मांडीवर आपोआप ताल धरायचा. त्या दिवशी दोन्ही हात मांडीत गुपचूप पडून होते.

आमच्या शेजारी रेणापूरचे मलप्पा येऊन बसले. मठाचे पंच, मामांचे लहानपणापासूनचे सोबती. दुसरं वचन संपलं आणि त्यांनी नाक मुरडलं. पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं, साहजिकच. माझ्या बाजूला झुकून हुंगल्यासारखं केलं. मग मामांकडं वळले आणि त्यांचं तोंडच उतरलं.

"अण्णा," हळूच म्हणाले, "वास कशाचा?"

"माझ्या उपरण्याचा."

"तुम्ही? या वयात?"

मी मामांच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. माझंच काम हाय ते, एवढंच म्हणायचं होतं, चार शब्द. मी समोर बाईंकडं बघून राहिलो, जसं काही मला ऐकूच आलं न्हाई.

"चूक झाली, मलप्पा," मामा म्हणाले.

मलप्पा उठले आणि दोन रांगा पुढं जाऊन बसले. जाताना त्यांनी आणखी कुणाच्या तरी कानात सांगितलं, तो माणूस वळून बघू लागला. मामा शेवटच्या वचनापर्यंत जागचे हलले न्हाईत. पोटात अन्न न्हाई, तसेच ताठ बसले होते.

मलप्पा कुणाच्यातरी जीपनं रातोरात रेणापूरला पोचले. आम्ही सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलो, तोवर बातमी आमच्या आधी घरी. सासूबाई गौरम्मा दारात उभ्या होत्या. नवऱ्याला त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं न्हाई, मला दिलं. तांब्याभर. मी ते पायावर ओतून घेतलं.

मामा आत गेले. मी ओट्यावर बसून राहिलो. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. थोड्या वेळानं मामा बाहेर आले आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला माझ्याकडं पाठ करून बसले. गौरम्मा मला म्हणाल्या, "आत जा बापू, ती बोलवती."

उमा उभी होती. पेटी भरलेली, वर घडी करून ठेवलेली शाल. डोळे सुजलेले.

"अप्पांना विचारलं मी," ती म्हणाली. "म्हणले, जावईबापूंनी थेंब घेतला न्हाई, मी समोरच बसलो होतो. मग मी म्हणलं, मलप्पाकाका सांगून राहिले ते काय? तर म्हणले, चूक माझी हाय. बस, एवढंच. पुढं बोलतच न्हाईत."

मला बसावंसं वाटलं. बसायला जागा नव्हती, मधे पेटी होती.

"मी तुम्हाला काय काय बोलले. पंगतीचं, स्वामींचं, सगळं. दोन महिने तुम्हाला टांगून ठेवलं, आणि हिकडं माझाच बाप..." ती वाकली आणि तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. "मला माफ करा. अप्पांनाबी माफ करा. मुखेडात कुणाजवळ हा विषय काढू नका."

दारातून मामांची पाठ दिसत होती. त्यांना सगळं ऐकू जात होतं. त्यांनी मान वळवली न्हाई.

मी तोंड उघडलं. खरंच सांगायला उघडलं होतं.

"जाऊ दे, उमा," मी म्हणालो. "होतं माणसाकडून कधीमधी."