यंत्राची आंघोळ

आमचे हे काय काम करतात असं कोणी विचारलं, की मी सरळ सांगायची, यंत्राला आंघोळ घालतात. लोकांना वाटायचं मी चेष्टा करतेय. चेष्टा मी नाही करत, नगरपालिका करते.

शहराच्या बागेत लोखंडी जाळीत एक यंत्र ठेवलंय. हवा ओढायची, तिच्यातली घाण मोजायची आणि आकडा चौकातल्या मोठ्या बोर्डावर पाठवायचा, एवढंच त्याचं काम. आकडा लहान असला की बोर्ड हिरवा, मोठा असला की लाल. आधी तो कायम लालच असायचा. नसेल तर काय! एका अंगाला ओतशाळांची धुराडी, दुसऱ्या अंगाला सिमेंटचा कारखाना आणि मधे आम्ही. धुराडी बंद करायची तर मालक लोक रागावणार, आणि मालकांना रागावू देतील ते साहेब कसले! मग मोठ्या साहेबांनी अक्कल लढवली. रोज सकाळी टँकर न्यायचा, जाळीच्या चहूबाजूंनी फवारा मारायचा आणि तेवढ्यापुरती धूळ खाली बसवायची. यंत्र बिचारं नाकापुढचं तेवढं मोजणार. त्या टँकरचे ड्रायव्हर म्हणजे आमचे हे.

सुरुवातीला ह्यांनाही हसू यायचं. घरी आले की बूट काढता काढता म्हणायचे, "घातली बाई आंघोळ, आता पावडर तेवढी लावायची राहिली." मामंजी, म्हणजे माझे सासरे, खोकत खोकत हसायचे. जन्मभर ओतशाळेत भट्टीपुढे उभे राहिलेले ते. छातीचं पार खोकं झालेलं. खिडकी बंद करून दिवसभर खुर्चीत बसायचे आणि मी शिलाई मशीनवर डॉक्टरांचे पांढरे कोट शिवत असले की माझ्याशी गप्पा मारायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, "बोर्ड हिरवा असेल त्याच दिवशी ह्यांना बाहेर काढा. एरवी उंबरा ओलांडायचा नाही." डॉक्टर शिकलेले ना, त्यांचा बोर्डावर विश्वास.

मग बोर्ड रोजच हिरवा व्हायला लागला. पेपरात फोटो आले, साहेबांचे सत्कार झाले. आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात वारं शिरलं. "फवाऱ्याने थोडी तरी हवा सुधारतेच की," असं म्हणायला लागले. पुढे 'थोडी तरी' गळलं. मी एक पांढरा कोट दोरीवर वाळत घातला होता, तो ह्यांच्या नाकासमोर धरला. चांगला राखाडी झाला होता. तर म्हणतात कसे, "कापडाला काय कळतंय? यंत्र परदेशातून आणलंय." घ्या! जे यंत्र हे रोज स्वतःच्या हाताने फसवतात, त्याच्यावर ह्यांची श्रद्धा बसली.

एक दिवस नाचतच घरी आले. हवा सुधारली म्हणून मैदानावर कार्यक्रम ठेवला होता, आणि टँकरच्या ड्रायव्हरला सर्टिफिकेट मिळणार होतं. "बाबांना घेऊन जायचं," ह्यांनी जाहीर केलं.

"अहो, भान आहे का? त्यांना दोन पावलं चालवत नाही."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय? बोर्ड हिरवा असला तर न्यायचं."

"तो हिरवा कोण करतं?"

इथे आमचे हे असे काही हसले, जशी काही माझी चोरीच पकडली. म्हणाले, "अगं वेडे, उद्या कार्यक्रमासाठी मला सुट्टी आहे. म्हणजे उद्या पाणी मारणारच नाही कोणी. मग उद्याचा आकडा खरा की नाही? लाल असला तर कुठे जायचं नाही. हिरवा असला तर मात्र तू मधे बोलायचं नाहीस."

आणि मला ते पटलं. आजही ते आठवलं की स्वतःचा संताप येतो. मामंजी खुर्चीतून म्हणाले, "सूनबाई, जाऊ दे ग मला. पोराचं कौतुक एकदा बघतो." ज्या माणसाने वर्षभर खिडकीची काच सोडून काही पाहिलं नाही, त्याला नको कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी बोर्ड हिरवागार. ह्यांनी बापाला इस्त्रीचा शर्ट घातला, रिक्षात बसवलं आणि मैदानावर पहिल्या रांगेत नेलं. मीही बरोबर होते. घशात काहीतरी कडवट चिकटत होतं, सूर्य धुरात पिवळा पडला होता. व्यासपीठावर साहेब सांगत होते, "मोकळा श्वास घ्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मधे मधे खोकले. ह्यांचं नाव पुकारलं, मामंजी टाळ्या वाजवायला उठले आणि तसेच खुर्चीत कोसळले. ओठ निळे पडले होते.

दवाखाना चौकातच, बोर्डासमोर. मामंजींना ऑक्सिजन लावला, बोटाला चिमटा लावला. चिमट्यावरचा आकडा काही केल्या वर चढेना. हे सर्टिफिकेट हातात धरून त्या आकड्याकडे टक लावून उभे. तेवढ्यात दुसऱ्या टँकरचा ड्रायव्हर धावत आला. पोरगा भला आहे. ह्यांचा हात धरून म्हणाला, "दादा, कामाची काळजी करू नका. तुमची जागा मी सांभाळली. आज फोटो निघणार म्हणून साहेबांनी मला डबल फवारा मारायला लावला."

ह्यांचा चेहरा बघवेना. मला दया आली का? छे! मनात म्हटलं, बघ, आता चांगला बघ.

मामंजी पडल्या पडल्या ऐकत होते. त्यांनी तोंडावरचा मास्क थोडा बाजूला केला आणि चिमटा लावलेलं बोट ह्यांच्यापुढे धरलं. "इथे मार की थोडं पाणी," म्हणाले. "आकडा सुधारेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला, आणि हे चक्क कामावर गेले. मी दातओठ खात बसले. नवऱ्याला जेवढ्या शिव्या देता येतात तेवढ्या मनातल्या मनात दिल्या. थोड्या वेळाने मामंजींनी खिडकीकडे मान वळवली. समोर बोर्ड लाल झाला होता, आकडा नुसता चढत होता. वॉर्डबॉय म्हणाला, "काल किती छान होती हवा! एका दिवसात कशी बिघडली बघा."

मामंजी ओठ हलवत आकडा वाचत होते. "हां," म्हणाले, "हिला ओळखतो मी."

हे परत आले ते हातात टँकरची किल्ली घेऊन. टँकर बागेच्या फाटकात आडवा लावून आले होते. आत आता कोणी जाऊ शकत नव्हतं. "बाबा, आज नाही मारलं," एवढंच बोलले आणि कॉटपाशी खाली बसले. मामंजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. हात तिथेच होता, तेव्हाच त्यांचा श्वास थांबला.

दुपारपर्यंत साहेबांनी क्रेन आणून टँकर ओढला आणि बोर्ड पुन्हा हिरवा केला. ह्यांची नोकरी गेली, हे सांगायलाच नको.

डॉक्टर कागदावर सही करताना समजुतीने बोलत होते. "वय झालं होतं हो. हवेला दोष देता येणार नाही. त्यांना त्रास सुरू झाला त्या दिवशी बोर्ड हिरवा होता, मी स्वतः बघितलाय."

हे मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "डॉक्टर, तो बोर्ड आम्ही धुतो."

डॉक्टरांना वाटलं, बाप गेल्यामुळे माणूस भ्रमिष्टासारखं बोलतोय. त्यांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि वॉर्डबॉयला सांगितलं, "ह्यांना जरा पाणी दे."