देवीच्या अंघोळीचं पाणी

आनंदीकाकी सुनावणीला निघाली ती कमरेवर कळशी घेऊन. कळशीत तिच्या विहिरीचं पाणी होतं, विटेची भुकटी कालवल्यासारखं लाल. ती कळशी साहेबाच्या टेबलावर आदळायची, ‘ह्या पिवन दाखवा’ म्हणायचं आणि खाली बसायचं, एवढं तिने ठरवलं होतं. भाषणबिषण तिला जमणारं नव्हतं. भांडण जमत होतं, आणि तांबळखोलात गेली दोन वर्षं भांडणाखेरीज दुसरं काही पिकतही नव्हतं.

भांडण लोखंडाच्या खाणीचं. कंपनीचा वीस वर्षांचा पट्टा येत्या मार्चात संपत होता आणि कंपनीला आणखी दहा वर्षं हवी होती. खड्डा अजून खोल न्यायचा होता. वरच्या वाडीतली चाळीस माणसं खाणीवर कामाला, पंधरा घरांचे डंपर तिथेच लागलेले, त्यांना मुदतवाढ हवी. खालच्या वाडीच्या निम्म्या विहिरी त्या खड्ड्याने आटवलेल्या, उरलेल्यांचं पाणी लाल झालेलं, त्यांना खाण डोळ्यांसमोर नको. वरच्या वाडीतली बाई खालच्या वाडीत हळदीकुंकवाला येईनाशी झाली होती. मयताला माणसं यायची, पण तीही अंगणातूनच परत फिरायची. कंपनीचा टँकर रोज खालच्या वाडीत येई आणि बायका कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्याच टँकरखाली हंडे भरत. आनंदीकाकीने मात्र त्या नळाला कधी भांडं लावलं नाही. आपल्या विहिरीचं पाणी चार वेळा फडक्याने गाळून ती पीत होती. हट्टी बाई!

पण हट्टालाही कारण होतं. सातेरी देवीच्या अंघोळीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या तिच्याच विहिरीचं. पहाटे दुसऱ्या कुणाचा पोहरा पडायच्या आत देवीचा हंडा भरायचा, अशी रीत. विहीर गेली तर घरचं पाणी जाईल, आणि देवीशी असलेलं नातंही जाईल, या धास्तीने तिची झोप उडाली होती.

हंडा भरायला यायचा तो तिचा धाकटा दीर, गंगाराम. देवीची पूजाही त्याची आणि गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालण्याचा मानही त्याचा. राहायला मात्र वरच्या वाडीत, आणि मुलगा चंदन खाणीवर सुपरवायझर. तुळशीच्या लग्नानंतर काकीला गंगाराम विहिरीवर दिसेनासा झाला. आपलं तोंड बघायला नको म्हणून तो अंधारातच येऊन जात असेल, अशी तिने समजूत करून घेतली. “जावंदे,” ती शेजारच्या शर्मिलाला म्हणाली होती, “माका तरी खंय तेचा तोंड बघूचा आसा!”

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. पुढच्या खुर्च्यांवर वरची वाडी, मागे खालची वाडी, आणि मधली एक रांग रिकामी. तिथे बसायची कुणाची छाती झाली नाही. जिल्ह्याहून आलेले साहेब चष्मा पुसत म्हणाले, “ग्रामस्थांनी आपली मतं शांतपणे मांडावीत.”

काकी कळशी घेऊन उठणार तोच कंपनीचा अधिकारी मिहीर उभा राहिला. “सर, गावाने मत कधीच दिलंय. तेही देवीसमोर.” त्याने खूण केली आणि पडद्यावर गेल्या महिन्यातली जत्रा दिसू लागली.

देवळासमोर नारळ हातात धरून गंगाराम गाऱ्हाणं घालत होता. गाऱ्हाण्याची पद्धत अशी, की एकाने देवीकडे मागायचं आणि प्रत्येक मागण्याला सगळ्या गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. पाळण्यातून उतरल्यापासूनची सवय. मागणं काय ते कान देऊन कोण ऐकतो? मागणाऱ्याचा सूर खाली आला की उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“बा देवी सातेरी म्हाराजा, जे मुंबैक आसत तेंका सुखात ठेव!”

“व्हय म्हाराजा!”

“जे दर्यार जातत तेंच्या होडयेक बरकत दी!”

“व्हय म्हाराजा!”

“गावची जी खाण आसा ती आणखी धा वर्सां चलू दी, चार हातांक काम ऱ्हवू दी!”

“व्हय म्हाराजा!”

मोबाइल धरणाऱ्याने नेमका त्याच वेळी तो गर्दीकडे वळवला होता. पहिल्याच रांगेत आनंदीकाकी. हात जोडलेले, डोळे मिटलेले, तोंड भलंमोठं उघडलेलं, आणि साऱ्या गावाच्या वर तिचा आवाज. काकीला तो क्षण लख्ख आठवला. डोळे मिटून ती मनातल्या मनात आपल्या विहिरीसाठी देवीच्या पाया पडत होती, आणि तिच्याच गळ्याने खाणीला दहा वर्षं देऊन टाकली होती.

पुढच्या खुर्च्यांवर हशा पिकला. “काकी, होकार तर तूच दिलंस गो!” चंदन मागे वळून ओरडला. ते तिने सोसलं असतं. पण तिच्याच वाडीतल्या बायका तिच्याकडे वळून बघायला लागल्या. त्या सगळ्याही त्या दिवशी ओरडल्याच होत्या, पण आता खापर फोडायला एक डोकं आयतं सापडलं होतं. “तुजोच आवाज सगळ्यात मोठो,” शर्मिला दात आवळून म्हणाली, आणि काकीला कुणी भर बाजारात थोबाडीत दिल्यासारखं झालं.

“हे इतिवृत्तात नोंदवावं लागेल,” साहेब कारकुनाला म्हणाले.

गंगाराम पुढच्या रांगेत खाली मान घालून बसला होता. मुलाने सांगितलं आणि बापाने देवीच्या गाऱ्हाण्यात कंपनीचं मागणं घुसडलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय! काकीच्या डोळ्यांत रक्त उतरलं. ती तरातरा पुढे गेली आणि ती कळशी त्याच्या टाळक्यात घालायला तिने वर उचलली. पाणी हिंदकळून तिच्या पांढऱ्या पदरावर सांडलं. लाल डाग बघून तिचा हात तिथेच थांबला. असल्या पाण्याने रोज अंघोळ घातली असती तर काळ्या पाषाणाची देवी काळी राहिली असती का? जत्रेत तर मूर्ती आरशासारखी चकाकत होती. मग हा अंधारात येऊन विहिरीचं पाणी नेत तरी होता का? तिने कळशी खाली ठेवली.

“भावजीनु, आज सकाळी देवीच्या माथ्यार खंयचा पाणी घातलात?”

गंगाराम उठून बाजूला व्हायला लागला.

“देवीची आण आसा तुमका. खरा सांगा.”

साहेबासमोर तो बेधडक खोटं बोलला असता. पण आण देवीची होती, आणि चाळीस वर्षं त्या देवीशी बोलून त्याची हयात गेली होती.

“टँकराचा,” तो म्हणाला.

“कदीपासून?”

“तुळशीच्या लग्नापासून. तुज्या हिरीचा पाणी देवीच्या तोंडार घालूक माजो हात धजलो नाय, वैनी.”

तेवढ्यात मिहीरला कुठून बुद्धी सुचली देव जाणे. तो हसत साहेबांकडे वळला. “बघा सर, आमची कंपनी देवीलासुद्धा पाणी पुरवते. हेही लिहून घ्या.”

यावर मात्र वरची वाडीही हसली नाही. डंपरवाल्यांतला एक म्हातारा काठी उगारून उठला. “आमच्या देवीक तुमचा उष्टा पाणी?” मागची वाडी रिकामी रांग ओलांडून पुढे घुसली, पुढची मागे वळली, खुर्च्या उडाल्या. मिहीर टेबलामागे गेला. चंदन काकीच्या अंगावर धावून आला. “मगे काय तुज्या लाल पाण्यान न्हाणूचा तिका? बाबांनी देवीची अब्रू राखली!”

“अब्रू?” काकी त्याच्याहून वर ओरडली. “रे मेल्या, देवीचा तोंड उजळ ठेवलास आणि गावाच्या डोळ्यांत माती घातलास!”

पोलीस मधे पडले. साहेबांनी कागद गोळा केले, ‘निर्णय वरून कळवण्यात येईल’ असं पुटपुटले आणि गाडीत बसून निघून गेले. काय लिहून नेलं, ते कुणालाच कळलं नाही. त्या रात्री दोन्ही वाड्यांत चुली पेटल्या, पण जेवण कुणाला गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीवरचा रहाट करकरला. काकी दारात आली. गंगाराम देवीचा हंडा भरत होता. त्याचा राग काही तिच्या मनातून गेला नव्हता. तो कधी जाईल असंही तिला वाटत नव्हतं. तरी देवीचं पाणी म्हणून तिने दोरीवरचं गाळायचं फडकं ओढून त्याच्यापुढे धरलं.

“गाळूचा नाय, वैनी,” तो म्हणाला आणि हंडा खांद्यावर घेऊन चालू लागला.

काकी त्याच्या मागोमाग देवळात गेली. गंगारामने हंडा देवीच्या माथ्यावर पालथा केला. काळ्या पाषाणावरून लाल पाणी ओघळलं, कपाळावरून, डोळ्यांतून, हनुवटीवरून. त्याने ते पुसलं नाही. फूल ठेवलं नाही, वस्त्र नेसवलं नाही. पूजेच्या वेळेला यायची तशी माणसं आली आणि उंबऱ्यातच खिळली. बातमी पसरली तशी दोन्ही वाड्या जमल्या. चंदनही आला, ड्यूटीवर जायचं हेल्मेट काखेत धरून.

गंगारामने नारळ हातात घेतला आणि नेहमीच्या चढ्या सुरात गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवी सातेरी म्हाराजा, ह्यो रंग आमच्या खाणीचो आसा. आणखी धा वर्सां तुका ह्याच पाण्यान न्हाणूचा काय, म्हाराजा?”

सूर खाली आला. साथ द्यायची जागा आली आणि तशीच निघून गेली. तांबळखोलात पहिल्यांदाच सगळ्यांनी गाऱ्हाणं ऐकलं होतं. चंदन फरशीकडे बघत उभा होता. आनंदीकाकीने तर दोन्ही हातांनी पदर तोंडावर घट्ट दाबून धरला होता.