दोन घरांवरचं एकच छत

सुट्टीत गरजू कुटुंबांसाठी स्वस्तातली घरं बांधायला कॉलेजची मुलं जात. त्यांतली एक मुलगी गेली ती कॉलेजात गुण मिळतात म्हणून. पहिल्याच दिवशी हातमोजे घालून, मलमपट्टीचा डबा घेऊन आली, तेव्हा गवंड्याने तिचं नाव ‘डॉक्टरीणबाई’ ठेवलं. तेच चिकटलं.

तिच्या वाट्याला जोडघर आलं. मधे भिंत, अलीकडे थोरला भाऊ, पलीकडे धाकटा. ज्याचं घर त्यानेही राबायचं, अशी अट होती. दोघं राबत, पण एकमेकांशी बोलत नसत. वडिलांच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून फाटलं होतं. जावांनीही तोंडं फिरवली होती. म्हातारी आई थोरल्याकडे जेवायची आणि धाकट्याकडे झोपायची.

‘‘डॉक्टरीणबाई, त्याला सांगा, विटा माझ्या बाजूला टाकू नको.’’

धाकटा हातभर अंतरावर उभा असायचा. ‘‘त्याला म्हणावं, बाजू आधी होऊ तर दे.’’

निरोप पोचवून ती वैतागली. मग तिला सुचलं, मधल्या भिंतीत एक दार ठेवावं. इंजिनिअर म्हणाला, ‘‘ठेवता येईल, पण आत्ताच ठरवा.’’ तिने दोघांना विचारलं.

‘‘नको,’’ थोरला म्हणाला.

‘‘अजिबात नको,’’ धाकटा म्हणाला.

‘‘चला, एकमत तरी झालं!’’ गवंडी हसला. तिचा चेहरा पडला.

सावलीत बसलेली म्हातारी म्हणाली, ‘‘अगं पोरी, दार ठेवलंस तर कडी कोणाच्या बाजूला, यावरून जुंपेल. घाल भिंत सरळ. मला पाय आहेत, बाहेरून फिरून येईन.’’

भिंत सरळ वर गेली.

छत मात्र दोन्ही घरांवर एकच होतं. ते ओतायच्या दिवशी मुलं, शेजारी, जावा, सगळे सिमेंटची घमेली हातोहात पुढे द्यायला रांगेत उभे राहिले. कालवलेला माल कोणासाठी थांबत नाही. उन्हाने एका मुलाला चक्कर आली, तो बाजूला झाला आणि रांग सरकली. दोघे भाऊ शेजारी आले.

‘‘घे.’’

‘‘दे.’’

‘‘जपून, सांडतंय.’’

काम संपेपर्यंत एवढंच चाललं. तिला वाटलं, सुटली गाठ. पण जेवायला दोघं पाठीला पाठ करून बसले. 

पुढे सिमेंट पक्कं व्हावं म्हणून छतावर रोज पाणी मारायचं होतं. तिच्याच मार्फत वाटणी झाली. थोरल्याने सकाळी सगळ्या छतावर मारायचं, धाकट्याने संध्याकाळी. एके दिवशी धाकटा तापाने फणफणला. संध्याकाळी ती अवजारं धूत होती, तेवढ्यात थोरला पाईप घेऊन शिडी चढला. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने छत भिजवलं. उतरताना म्हणाला, ‘‘त्याला सांगू नका.’’

तिने सांगितलं नाही. पण धाकटी जाऊ दारातून बघत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच आली. ‘‘जाऊबाई, पाईप कुठे ठेवलाय?’’

थोरलीने पाईप काढून दिला. मग म्हणाली, ‘‘एकटीला ओढवणार नाही. थांब, खालून मी धरते.’’

सुट्टी संपली तेव्हा भाऊ अजून बोलत नव्हते. डॉक्टरीणबाईंना गुण मिळाले. पुढच्या सुट्टीत गुण नव्हते, तरी ती गेली.