जावईबापूंची साफसफाई

लग्नानंतर जावईबापू पहिल्यांदाच सासुरवाडीला राहायला आले होते आणि बायकोने आधीच डांगोरा पिटून ठेवला होता, "ह्यांना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं." कळत होतं थोडंफार. पण बायकोने केलेलं कौतुक खोडून काढायला जी छाती लागते, ती त्यांच्याकडे नव्हती.

सासऱ्यांचं चष्म्याचं दुकान घराच्या खालीच होतं. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर कुणा भल्या गिऱ्हाइकाने विंडोजऐवजी लिनक्स फुकटात बसवून दिलं होतं. सगळ्यांचे चष्म्याचे नंबर त्यातच. अपडेट म्हणून मात्र त्याला कुणी कधी हात लावला नव्हता.

"तेवढं अपडेट करून टाका," सासरे म्हणाले. मग जिन्याकडे बघत आवाज खाली आणला, "आणि त्यातला पत्त्यांचा खेळ काढा. तुमच्या सासूबाई गिऱ्हाईक ताटकळत ठेवून राणीवर गुलाम लावत बसतात."

"पाच मिनिटांचं काम!"

अपडेट निर्विघ्न पार पडलं. पत्तेही एका आज्ञेत गेले. पण ते प्रोग्रामांच्या ज्या मोठ्या गठ्ठ्यातून आले होते तो गठ्ठा त्यामुळे मोडला आणि कॉम्प्युटरने बारीक अक्षरांत विचारलं, की गठ्ठ्यातली उरलेली पॅकेजं आता कुणाला लागत नाहीत, काढू का? खाली पडदाभर नावं. जावईबापूंनी डोळे बारीक केले. 'लागत नाहीत' एवढं दिसलं.

"केवढा कचरा साठलाय!" म्हणत त्यांनी 'होय' दाबलं.

कचरा भराभर निघाला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तर ना चित्रं, ना खिडक्या. नुसता काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी पांढरी रेघ.

"हे काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"साफ झालाय."

"ते दिसतंय. नंबर कुठे आहेत?"

"आत सुखरूप आहेत. फक्त... आत जायचं दार निघालं."

चष्मा न्यायला आलेले पोस्टमास्तर बाकावर आणखी ऐसपैस बसले. असा तमाशा सोडून जायचं कशाला?

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन खाली आल्या. पडद्याकडे बघतच राहिल्या.

"माझा डाव जुळत आला होता. कुणी सांगितलं होतं काढायला?"

जावईबापूंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे एक फ्रेम पुसण्यात गढून गेले होते. सासूबाईंनी कप पोस्टमास्तरांच्या हातात दिला आणि त्या आल्या पावली परत गेल्या.

जावईबापूंनी घाम पुसत फोनवर शोधाशोध केली. इलाज एकच होता: अख्खा गठ्ठा इंटरनेटवरून परत मागवायचा. त्यांनी आज्ञा लिहिली. चुकली. पुन्हा लिहिली. पुन्हा चुकली.

"तिथे एल अक्षर आहे," सासरे खांद्यावरून वाकून म्हणाले. "तुम्ही एकचा आकडा लिहिताय."

"सारखेच दिसतात हो."

सासऱ्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली. "कुणाला?"

पॅकेजं उतरायला लागली, तसं सासऱ्यांनी जावयाला दंडाला धरून आतल्या खुर्चीत बसवलं.

"ही ओळ वाचा."

वाचली.

"हं. खालची?"

जावईबापू चाचपडले.

"बरं, राहू द्या. तिच्या खालची?"

"तिच्या खाली ओळ आहे?"

बाहेर पोस्टमास्तरांना चहाचा ठसका लागला.

संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर पूर्ववत झाला, नंबर जिथल्या तिथे सापडले. गठ्ठ्याबरोबर पत्ते परत आले आणि वर डझनभर नवे खेळही. सासूबाईंचा राग पार विरघळला. सासऱ्यांनी कपाळावर हात मारला, पण "काढा" म्हणायला त्यांची जीभ काही रेटेना.

दोन दिवसांनी चष्मा तयार झाला. जावईबापू तो नाकावर चढवून वर गेले, तर बायको हसत सुटली.

"ही लाल फ्रेम? काळी नव्हती?"

"तुझ्या आईने निवडलीये."

बायकोने जिन्याकडे नजर टाकली. "छानच दिसतीये," ती मोठ्याने म्हणाली.